रात्रशाळा ते ‘स्वयं’

दिवसभर राबणाऱ्या प्रौढांस विद्या द्यावयाची तर ती रात्रींच दिली पाहिजे, हें जोतीराव फुले यांनीं ओळखलें व १८५५ सालीं पुण्यास आपल्या घरीं रात्रशाळा काढली. १९३९ सालीं मुंबईंत साक्षरतेची मोहीम झाली. पण अक्षरें आल्यावर पुढें काय, हा प्रश्न राहिलाच.

आमच्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आतांच्या रायगडचे, चिंतामणराव देशमुख १९५६ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २०१७ सालीं भारत सरकारनें ‘स्वयं’ ही योजना काढली, तेव्हां तींतील पदव्युत्तर पाठांचें काम याच आयोगाकडे सोंपविलें. इतिहास, गणित, हिशेब, शेती, हवें तें घरबसल्या व विनाशुल्क शिकावें. प्रमाणपत्र हवें असल्यास तेवढी परीक्षेची फी भरावी.

पहाटे बाजार गांठणाऱ्या मुरूडच्या कोळणीस आपल्या सवडीनें पाठ ऐकतां यावा, ही सोय जोतीरावांच्या काळीं नव्हती. परंतु बहुतेक पाठ इंग्रजींत! मी मॅट्रिक झालेला शिक्षक. मलाहि ते दोनदां ऐकावे लागतात. पुण्याच्या त्या रात्रशाळेंत निदान शिकविणारा मराठी बोलत असे.