दिनविशेष : १९ सप्टेंबर
हवेच्या वजनाची साक्ष (१६४८)

ब्लेझ पास्कल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए यांनी १६४८ मध्ये आजच्या दिवशी फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली, तेव्हा पायथ्याच्या मठात ठेवलेल्या नळीतील पारा दिवसभर स्थिर राहिला, तर माथ्यावरचा सुमारे साडेआठ सेंटीमीटरने उतरला. वायुदाब म्हणजे डोक्यावरील हवेच्या स्तंभाचे एकक क्षेत्रफळावर पडणारे वजन असून उंचीबरोबर तो घटतो, हे यातून सिद्ध झाले. म्हणूनच समुद्रसपाटीवर ७६ सेंटीमीटर राहणारा पारा सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील म्हैसूरजवळच्या बेळगोळ परिसरात सुमारे साडेसहा सेंटीमीटरने खाली असतो. भारतीय हवामानशास्त्र विभाग आजही वायुदाब हेक्टोपास्कल या एककात, म्हणजे पास्कल यांच्याच नावाने, नोंदवतो.