२२ फेब्रुवारी : पतितपावन मंदिर खुले झाले (१९३१)

रत्नागिरीचे पतितपावन मंदिर १९३१ साली आजच्या दिवशी सर्व हिंदूंसाठी खुले झाले. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते लक्ष्मीनारायणाच्या मूर्तींची प्रतिष्ठापना झाली. स्थानबद्ध सावरकरांच्या कल्पनेला पैसा आणि पाठबळ दिले ते दानशूर भागोजीशेठ कीर यांनी.

रत्नागिरीच्या गरीब भंडारी कुटुंबातले भागोजी लहानपणी उंडीच्या बिया वेचून विकत. त्या बियांचे तेल तेव्हा दिव्याला लागे. पुढे मुंबई गाठली, सुतारकामात हात बसवला आणि शापूरजी पालनजींच्या साथीने बांधकाम व्यवसायात नाव कमावले. कमाई मात्र त्यांनी तिजोरीत कोंडून ठेवली नाही. दादरच्या शिवाजी पार्कची स्मशानभूमी त्यांच्याच दानातून उभी राहिली आणि आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

तरी त्यांचे सर्वांत धाडसी काम पतितपावनच. पूर्वापारच्या देवळांत अस्पृश्यांना गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिले जात नव्हते. त्या काळी सर्वांना खुल्या असलेल्या मंदिरासाठी थैली सोडायची म्हणजे सनातन्यांचा रोष पत्करायचा. भागोजीशेठ डगमगले नाहीत. पुढे याच मंदिरात सर्व जातींची माणसे सहभोजनाला एका पंगतीत बसली.