भिंतीआडच्या भिंती

गवंड्याचा मुलगा जॉन सोन पुढे नामवंत वास्तुकार झाला. लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समध्ये त्याने १७९२ मध्ये १२ क्रमांकाचं घर घेतलं, मग शेजारचं १३, शेवटी १४. पाडापाडी आणि मांडामांड चाळीसेक वर्षं चालूच!

घरातली चित्रांची खोली एवढीशी, पण चित्रं शंभरावर. भिंतींनाच बिजागऱ्या: दारासारखी भिंत उघडायची, की मागे आणखी चित्रं.

१८२४ मध्ये इजिप्तच्या पहिल्या सेती राजाची दगडी शवपेटी घरात आली. ब्रिटिश म्युझियमला ती महाग वाटली होती. सोनने २,००० पौंड मोजले आणि ती आत घ्यायला मागची भिंत फोडली. हौस म्हणावी की वेड?

मुलाशी बिनसलेलं, घर त्याच्या हाती जायला नको होतं. सोनने १८३३ मध्ये संसदेकडून कायदाच करून घेतला: घर संग्रहालय म्हणून आहे तसं राहील. आजही तिथे प्रवेश मोफत आहे.