कोएन्झाइम क्यू-१० : उपयोग, परिणामकारकता आणि सुरक्षितता

कोएन्झाइम क्यू-१० हा मानवी शरीरात स्वाभाविकपणे तयार होणारा, मेदात विरघळणारा पदार्थ आहे. आहारपूरक म्हणून तो ‘हृदयाचा मित्र’, ‘ऊर्जादायी’ आणि ‘अँटिऑक्सिडंट’ अशा विशेषणांसह विकला जातो. परदेशातील मराठी घरांत तो बहुधा दोन वाटांनी येतो. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू झाले आणि पाय दुखू लागले की कुणीतरी तो सुचवते, किंवा मायदेशी जाताना आईवडिलांसाठी त्याच्या दोन-चार बाटल्या सामानात ठेवल्या जातात. दोन्ही प्रसंगी हेतू चांगलाच असतो. मात्र या पूरकाचा उपयोग सिद्ध कोठे झाला आहे आणि कोठे नुसती आशा आहे, हे ठाऊक नसेल तर याच हेतूतून अपायही संभवतो.

शोध आणि कार्य

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी १९५७ साली गाईच्या हृदयाच्या पेशींतून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. पुढच्याच वर्षी कार्ल फोकर्स यांनी त्याची रासायनिक रचना निश्चित केली. जवळजवळ प्रत्येक पेशीत तो आढळत असल्याने ‘सर्वत्र’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला युबिक्विनोन हे दुसरे नाव मिळाले.

पेशीतील ऊर्जानिर्मितीचे काम तंतुकणिकांमध्ये चालते. अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनसमूहाकडून दुसऱ्याकडे पोहोचवणे हे क्यू-१०चे मुख्य कार्य होय. हृदय, यकृत व मूत्रपिंड या अखंड राबणाऱ्या अवयवांत त्याचे प्रमाण अधिक असते. युबिक्विनॉल या क्षपित रूपात तो पेशीपटलातील मेदाचे मुक्त मूलकांपासून रक्षण करतो. त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात ते यामुळे.

आहारातून आपल्याला दररोज साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम क्यू-१० मिळते. मांस, मासे, शेंगदाणे व तीळ हे त्याचे स्रोत आहेत. शरीर तो स्वतःच तयार करत असल्याने निरोगी माणसास त्याची आहारजन्य उणीव सहसा भासत नाही. पूरकाच्या एका गोळीत मात्र बहुधा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा असते. म्हणजेच ती आहारातील तूट भरून काढणारी गोळी नसून औषधाच्या प्रमाणात घेतलेला पदार्थ आहे, आणि तिचे मोलही औषधाच्याच कसोटीवर ठरले पाहिजे.

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाची मर्यादा

अँटिऑक्सिडंट असलेली प्रत्येक वस्तू हितकारकच असते, हा समज मोठ्या चाचण्यांत टिकलेला नाही. फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. २०११ मध्ये ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक दिसले. क्यू-१०बाबत असा धोका आढळलेला नाही. तरीही धडा स्पष्ट आहे : प्रयोगशाळेतील गुणधर्म हा रुग्णाला होणाऱ्या लाभाचा पुरावा नव्हे.

पुरावा काय सांगतो

हार्ट फेल्युअर. हृदयाची रक्त पंप करण्याची क्षमता घटलेल्या रुग्णांत या पूरकाच्या बाजूने सर्वाधिक पुरावा आहे. जपानमध्ये १९७४पासून त्याला या विकारासाठी औषध म्हणून मान्यता आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या क्यू-सिम्बिओ या चाचणीत ४२० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर १०० मिलिग्रॅम क्यू-१० दिवसातून तीनदा देण्यात आले. दोन वर्षांत गंभीर हृदयविषयक घटनांचे प्रमाण या गटात १५ टक्के, तर निष्प्रभावी गोळी घेणाऱ्यांत २६ टक्के होते. मात्र पहिल्या १६ आठवड्यांत लक्षणांत ठळक फरक पडला नव्हता आणि रुग्णसंख्याही मर्यादित होती. या चाचणीची मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती झालेली नाही. त्यामुळे अमेरिकी हृदयरोग संस्थांची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे विशिष्ट उणीव नसताना पूरकांची शिफारस करीत नाहीत. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : चाचणीत दिसलेला लाभ नेहमीच्या औषधांच्या जोडीने मिळालेला होता, त्यांच्या जागी नव्हे.

स्टॅटिनमुळे होणारी स्नायुवेदना. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन यांसारखी औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मितीचा मार्ग रोखतात. क्यू-१०ची निर्मितीही त्याच मार्गाने होते, म्हणून स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तात त्याची पातळी घटते. यावरून गोळीने वेदना थांबेल, हा तर्क सरळ वाटतो, पण चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. २०१८च्या अमेरिकी कोलेस्टेरॉलविषयक तत्त्वांत स्टॅटिन घेणाऱ्यांसाठी त्याचा नित्य वापर अमान्य केला आहे.

या संदर्भात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने केलेली आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेली सॅमसन ही चाचणी बोलकी आहे. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने निष्प्रभावी गोळी, तर काही महिने रिकामी बाटली देण्यात आली. स्टॅटिनच्या महिन्यांत झालेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास निष्प्रभावी गोळीनेही झाला. वेदना खरी होती, पण तिचे कारण बहुतांशी औषधाच्या रसायनात नव्हे, तर गोळी घेतल्याच्या जाणिवेत होते. हे समजल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

अर्धशिशी. डोकेदुखीच्या झटक्यांची वारंवारता कमी होण्यास या पूरकाची थोडी मदत होते, असे काही लहान चाचण्यांत दिसते. पुरावा दुर्बल असला, तरी मज्जाविकारतज्ज्ञ प्रतिबंधक उपाय म्हणून ते कधी कधी सुचवतात.

पार्किन्सन. २००२ मध्ये ८० रुग्णांवरील चाचणीने मोठी आशा निर्माण केली. त्यानंतर ६०० रुग्णांना १,२०० किंवा २,४०० मिलिग्रॅमची दैनिक मात्रा अथवा निष्प्रभावी गोळी देऊन मोठी चाचणी सुरू झाली. लाभाचे चिन्ह दिसेना म्हणून ती मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. लहान चाचणीतील यशावर विसंबणे किती धोक्याचे असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

रक्तदाब, थकवा, वार्धक्य. रक्तदाबावर उल्लेखनीय परिणाम सिद्ध झालेला नाही. ऊर्जा वाढवणे, पेशींचे रक्षण करणे अशा दाव्यांना युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्येच मान्यता नाकारली. शरीरात क्यू-१० तयारच होत नाही अशा दुर्मीळ आनुवंशिक विकारांत मात्र ते खरोखरीच उपचार ठरते.

सुरक्षितता

सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीस क्यू-१० चांगले सोसते. मळमळ, पोट बिघडणे, छातीत जळजळ, अंगावर पुरळ आणि निद्रानाश हे त्याचे सौम्य दुष्परिणाम होत. मात्र पुढील बाबतींत डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये.

रक्त पातळ ठेवणारी औषधे : क्यू-१०ची रचना ‘के’ जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे वॉरफरिनचा परिणाम घटल्याच्या काही नोंदी आहेत. भारतात अनेक वृद्धांना त्याच वर्गातील अ‍ॅसेनोकुमारॉल दिले जाते, हे बाटली पाठवणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

कर्करोगावरील उपचार : केमोथेरपी चालू असताना अँटिऑक्सिडंट पूरके घेणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक असू शकते, असा संकेत स्तनाच्या कर्करोगाच्या एका अभ्यासातून मिळाला आहे.

रक्तदाब व मधुमेहाची औषधे : काही व्यक्तींत रक्तदाब किंवा साखर किंचित उतरू शकते, म्हणून सुरुवातीला मोजमाप ठेवावे.

गर्भावस्था व स्तनपान : पुरेशी माहिती नसल्याने टाळणे इष्ट.

खरेदी आणि सेवन

अमेरिकेत १९९४च्या कायद्यानुसार आहारपूरकांना विक्रीपूर्वी औषधासारखी मंजुरी लागत नाही, आणि ब्रिटनमध्येही ती अन्नपदार्थांत मोडतात. त्यामुळे वेष्टनावर लिहिलेले घटक गोळीत असतीलच याची हमी स्वतंत्र तपासणीतूनच मिळते. अमेरिकेत ‘यूएसपी व्हेरिफाइड’ ही खूण पाहावी. युबिक्विनॉल हे रूप अधिक चांगले शोषले जाते, असे सांगून महाग विकले जाते, पण प्रत्यक्ष आजारात ते सरस ठरल्याचा भक्कम पुरावा नाही. कोणतेही रूप असो, ते तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्यावे. रिकाम्या पोटी फारसे शोषले जात नाही. झोप बिघडत असल्यास रात्रीची मात्रा टाळावी.

खरा धोका कोठे आहे

क्यू-१०चा सर्वांत मोठा धोका त्याच्या रसायनात नसून त्याच्या भरवशावर दुसरे औषध सोडून देण्यात आहे. दक्षिण आशियाई वंश हा हृदयरोगाची शक्यता वाढवणारा घटक म्हणून अमेरिकी तत्त्वांत स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. अशा कुटुंबांत ‘गोळ्यांचा त्रास नको, नैसर्गिक काहीतरी घेऊ’ या विचाराने स्टॅटिन बंद केले, तर सिद्ध संरक्षण गमावून असिद्ध आशा पदरी पडते. स्नायू दुखत असतील तर रक्ततपासणी, मात्रेत बदल किंवा वेगळे स्टॅटिन हे मार्ग आधी डॉक्टरांशी बोलून पाहावेत. तीव्र वेदनेबरोबर अशक्तपणा आला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

आईवडिलांसाठी बाटली विकत घेण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा आणि ते कोणकोणती औषधे घेतात त्याची यादी मागून घ्यावी. ती यादी त्यांच्या डॉक्टरांसमोर ठेवल्यानंतरच बाटली सामानात ठेवायची की नाही, हे ठरवावे. अनेक घरांत त्या बाटलीपेक्षा ही यादीच अधिक उपयोगी पडेल.