फलकावरील अन्नाचे माप

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढल्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, तो लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. तेव्हापासून या दोन प्राचीन बंदरांच्या, आणि कालांतराने त्यांच्यामध्ये वाढलेल्या डोंबिवलीच्या, लोकजीवनात घराबाहेर अन्न विकत घेऊन खाण्याची रीत हळूहळू शिरली. कचेरीतल्या तारखेसाठी खेड्यातून आलेला खातेदार, गाडी चुकलेला उतारू, मुंबईच्या पेढीत नोकरी धरलेला पण अद्याप बिऱ्हाड न थाटलेला तरुण कारकून, या सर्वांची क्षुधा प्रथम खानावळींनी आणि नंतर उडप्यांच्या व इराण्यांच्या हॉटेलांनी भागविली. ठाण्यात मामलेदार कचेरीच्या आश्रयाने नावारूपास आलेली मिसळ आजही त्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यानेच ओळखली जाते, आणि मामलेदार हे पद तहसीलदार झाले तरी मिसळीने आपले नाव बदललेले नाही.

या उपाहारगृहांच्या भिंतीवरचा फलक हा माझ्या मते आपल्या नागरी इतिहासाचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. त्यावर पदार्थाचे नाव असे आणि त्यापुढे दर असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा आणे गेले आणि नये पैसे आले, परंतु फलकाची रचना तीच राहिली. पदार्थ किती मिळेल हे त्यावर लिहिलेले नसे. ते वाटीच्या आकारावरून, पोळ्यांच्या संख्येवरून आणि मालकाच्या लौकिकावरून ओळखावयाचे असे. मासिक खानावळीत तर पोट भरणे हेच माप होते, आणि वाढप्याने चौथी पोळी वाढताना हात आखडला तर ती बातमी सायंकाळपर्यंत साऱ्या आळीत पसरत असे. मिसळीच्या दुकानात कमी तिखट, मध्यम की जास्त तिखट, असा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारण्याची पद्धत आहे. म्हणजे पदार्थाच्या एका गुणाचे प्रमाण विक्रेत्याने आधी सांगावे आणि खाणाऱ्याने त्यातून निवड करावी, हा संकेत आपल्याकडे कोणत्याही कायद्यावाचून रूढ झालेला आहे.

अन्न तोलून, त्याचा आकडा कागदावर नोंदवून देण्याची प्रथा मात्र येथे हॉटेलात जन्मली नाही. ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी बांधावयास घेतला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला, आणि त्याच तटबंदीच्या आत पुढे कारागृह झाले; अशा कारागृहांतून कैद्याचा शिधा वजनाने मुक्रर केलेला असे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरील मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढीच मजुरी पुरेशी ठरविली. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी शास्त्रीय आधारावर तिचा प्रतिवाद केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने उपाशी मजुरांची बाजू सरकारदरबारी मांडली. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. मनुष्यास जगावयास किती अन्न लागते हा वाद आपल्या इलाख्यात उभा राहिला तो असा, दुष्काळी कामावरील खडी फोडणाऱ्यांच्या संदर्भात.

त्या वादाला आकड्यांची निश्चित भाषा नंतर मिळाली. अमेरिकेत अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांती दाखविले की पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून सुमारे चार आणि स्निग्ध पदार्थाच्या ग्रॅमपासून सुमारे नऊ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. हिंदुस्थानात निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत डॉ. अ‍ॅक्रॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारी, बाजरी, तूर, भेंडी अशा शेकडो पदार्थांचे पृथक्करण करून १९३७ साली त्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. तीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून मान्यता पावली. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेव्हा अन्नाचे माप शिधापत्रिकेच्या रूपाने घरोघर पोहोचले. स्वातंत्र्यानंतर १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचे मोजमाप करताना दरमाणशी दररोज २,२५० उष्मांक, म्हणजेच किलोकॅलरी, हा आधार घेतला, आणि १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० व शहरी भागासाठी २,१०० उष्मांक ही सीमा आखली. या सर्व प्रदीर्घ काळात उष्मांकाचा आकडा उच्चारला गेला तो अभावाच्या संदर्भात; कोणाच्या ताटात अन्न किती कमी पडते, हेच त्याने सांगावयाचे होते.

त्याचा रोख पालटला तो ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील माणसाचे श्रम आणि वेळ पालटल्यावर. दोन्ही बाजूंचा लोकलचा प्रवास, दिवसभर बैठे काम, आणि फलाटावरून उतरताच हाती येणारा तळलेला पदार्थ, या त्रयीने नवे विकार आणले. कल्याणात एका घराच्या खिडकीतून विकला जाऊ लागलेला वडा ‘खिडकी वडा’ म्हणून प्रसिद्ध झाला. आणि त्याच कल्याणात २००४ साली ‘गोली वडापाव’ या साखळीचे पहिले दुकान उघडले. दोन्ही ठिकाणचा पदार्थ एकाच कुळातला, पण व्यवसायाची घडण निराळी. खिडकीतला वडा हाताच्या अंदाजाने वळला जातो. साखळीतला वडा यंत्रावर एकाच वजनाचा घडवून, गोठवून दुकानोदुकानी धाडला जातो. ज्याचे वजन ठरलेले आहे त्याचा उष्मांकही ठरविता येतो, आणि कायद्याने नेमका हाच धागा पकडला.

न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये साखळी-उपाहारगृहांवर उष्मांक दर्शविण्याची सक्ती केली. संपूर्ण अमेरिकेत ती २०१८ मध्ये आणि इंग्लंडात मोठ्या व्यवसायांपुरती एप्रिल २०२२ मध्ये अंमलात आली. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखाली केंद्रीय प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम अधिसूचित केले, १ जानेवारी २०२२ ही अंमलबजावणीची तारीख ठरविली, आणि नंतर मुदत वाढवून ती १ जुलै २०२२ केली. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे अथवा ज्यांची दहा किंवा अधिक ठिकाणी दुकाने आहेत, त्यांनी पदार्थाच्या नावापुढे एका वाढपाचे प्रमाण व त्यातील किलोकॅलरी लिहावयाच्या. सर्वसाधारण प्रौढास दिवसाला सुमारे २,००० किलोकॅलरी लागतात, मात्र ही गरज व्यक्तिपरत्वे भिन्न असते, असेही नमूद करावयाचे. शेंगदाणा, दूध, गहू यांसारख्या ज्या पदार्थांनी काहींना अपाय होतो त्यांची माहिती द्यावयाची. घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या ऑनलाइन व्यवसायांनीही हा तपशील गिऱ्हाइकापुढे ठेवावयाचा. वर्षातून साठ दिवसांहून कमी काळ चालणाऱ्या उपाहारस्थानांना आणि समारंभातील आचाऱ्यांना यातून सूट आहे.

म्हणजे पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या मॉलमध्ये बर्गर मागविणाऱ्या ठाणेकरास आकडा दिसावा, आणि नौपाड्यात मिसळ खाणाऱ्यास, कल्याणच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्यास अथवा डोंबिवलीत सायंकाळी गाडीतून उतरून पोळी-भाजी केंद्रावरून घरच्या चौघांचे जेवण नेणाऱ्या गृहिणीस तो दिसू नये, अशी ही रचना आहे. नियम निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. साखळ्यांवर तो घातला हे योग्यच झाले, कारण मोजण्याची साधने त्यांच्यापाशी आहेत. परंतु या शहरांचे नित्याचे अन्न साखळीच्या दुकानातून येत नाही. ते लहान चुलींवर शिजते, आणि तेथे धोका कोठे दडला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. मोठा चमचाभर तेल सुमारे १२० किलोकॅलरी देते. मिसळीच्या तर्रीत असे किती चमचे आहेत, कढई पुरेशी न तापल्यामुळे वड्याने किती तेल शोषले, भाजीत चव वाढविण्यासाठी किती ओतले, हे खाणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही. मधुमेहाचे पथ्य पाळणाऱ्या ज्या घरांत दोघेही नोकरीस जातात आणि पोळ्या बाहेरून येतात, त्यांना त्या बर्गरच्या आकड्याचा काय उपयोग?

लहान दुकानदाराला प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही, ही हरकत खरी आहे. त्याला दंडाच्या भीतीने वेठीस धरणे अन्याय्य ठरेल; केवळ कागद रंगविण्यासाठी कोठून तरी उचललेले आकडे भिंतीवर चढतील आणि ते मुकेपणाहून वाईट होईल. पण प्रयोगशाळेशिवायही बरेच साधते, आणि त्याचे उदाहरण आपल्याच राज्याने घालून दिले आहे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीच्या जाहीरनाम्यात तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण असे वजन स्पष्ट लिहिले होते. त्या वजनांना राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांचा आधार दिला, तर तेलाच्या प्रमाणानुसार थाळी ढोबळ हिशेबाने पाचशे ते सहाशे किलोकॅलरींची ठरते. दहा रुपयांच्या थाळीचे वजन जाहीर करता आले, तर पोळी-भाजी केंद्राच्या फलकावर पोळीचे वजन आणि किलोभर भाजीत घातलेल्या तेलाचे प्रमाण लिहावयास एक तराजू, एक मापपात्र आणि काही दिवसांची सवय यांहून अधिक काही लागत नाही. १८५५ साली स्थापन झालेली कल्याणची नगरपालिका व १८६३ सालची ठाण्याची यांच्या जागी आज दोन महानगरपालिका आहेत, आणि दोहोंकडे आरोग्य विभाग आहेत. त्यांनी अन्न व औषध प्रशासनाच्या साहाय्याने प्रभागवार ही कोष्टके मराठीत छापून द्यावीत, केंद्रे चालविणाऱ्या स्त्रियांना मापनाचे शिक्षण द्यावे, आणि जे स्वखुशीने फलक लावतील त्यांची नावे जाहीर करावीत, अशी तजवीज करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.