बंगळूरची प्लेगअम्मा

1896 मध्ये मुंबईत पसरलेली गाठीच्या प्लेगची साथ 1898 च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात पोहोचली, आणि जुन्या तटबंदीच्या व्यापारी शहरात, म्हणजे पेठेत, तसेच इंग्रजांच्या छावणीत तिने हजारोंचे बळी घेतले. संशयित रुग्णांना कुटुंबांपासून तोडून विलगीकरण छावण्यांत नेले जाई, त्यामुळे सरकारी उपाय अनेकांना रोगाइतकेच भयंकर वाटत. या काळात शहरात ‘प्लेग मारिअम्मा’ किंवा ‘प्लेगअम्मा’ या देवीची ठाणी उभी राहिली. मारिअम्मा ही महाराष्ट्रातील मरीआईसारखी साथरोगांची देवता असून, जी कोपते तीच तारते, या श्रद्धेमुळे कोप शमवण्याची आशाही तिच्याच पायाशी ठेवली जाई. कडुलिंबाचे डहाळे आणि तंबिट्टाची आरती, म्हणजे तांदळाचे पीठ व गूळ यांच्या गोळ्यात लावलेला दिवा, यांनी तिची पूजा होते. शोकग्रस्त घरांनी देवीचा उत्सव करावा हे वरवर विसंगत दिसते. परंतु ज्या समाजाला विलगीकरण छावणीने एकाकी केले, त्याला उत्सवाने पुन्हा एकत्र आणले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

प्लेगनंतर दाट वस्तीबाहेर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही उपनगरे वसली. प्लेग ओसरला, तरी प्लेगअम्मेची पूजा थांबली नाही.