डॉक्टर, पेशंट आणि मधला दुभाषी

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आले आणि कापसाच्या बाजारापर्यंत आणलेल्या आगगाडीच्या फाट्याचे उद्घाटन त्यांनी केले. आगगाडीबरोबर तारही होती. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तार करायची आणि सहा आठवड्यांनी वऱ्हाडातला कापूस तिकडच्या धक्क्यावर उतरायचा, असे दिवस आले. पण तारेचा मजकूर वाटेतल्या तारमास्तरांच्या नजरेखालून जाई. भाव फुटू नये म्हणून, आणि शब्दागणिक पैसे पडत म्हणूनही, त्या काळचे व्यापारी सांकेतिक शब्दांची पुस्तके वापरीत. एका शब्दात अख्खे वाक्य. तेच पुस्तक दोन्ही टोकांना असले की झाले.

कापसाचे गुपित असे दीडशे वर्षांपूर्वीच सांभाळले गेले. दुखण्याच्या गुपिताला मात्र फार वाट पाहावी लागली. अमरावतीहून धारणीला जायचे तर परतवाडा, सेमाडोह, हरिसाल अशी मेळघाटातली घाटाची वाट आहे. १९९० च्या दशकात कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंमुळे हा भाग देशभर चर्चेत आला, तेव्हा तज्ज्ञ डॉक्टर म्हणजे घाटाखालची गोष्ट होती. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी हरिसालला ‘डिजिटल गाव’ करण्याची योजना हाती घेतली. त्या योजनेत टेलिमेडिसिनही होते, म्हणजे दूरच्या डॉक्टरने पडद्यावरून पेशंट तपासणे. पुढे २०१९ च्या लोकसभा प्रचारात हरिसालच्या या दाव्यांवर राज ठाकरे यांनी जाहीर सभेत प्रश्न उभे केले. त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. आम्हाला विचारायचे आहे ते वेगळेच: पडद्यावर डॉक्टर दिसलाच, तर त्याच्याशी बोललेले आणखी कोण ऐकते?

२५ मार्च २०२० रोजी देशात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने बनवलेल्या या सेवेत पेशंट घरबसल्या डॉक्टरला भेटू लागला. तोवर दोन्ही टोकांना सरकारी, ठरावीक यंत्रे असत. आता पेशंटच्या हाती जो फोन असेल तो: जुना, नवा, धाकट्या दिराचा, शेजाऱ्याचा.

फोन वेगळे असले म्हणून काय बिघडले? थोडा हिशेब करू. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला अशी २५ चित्रे. गुणाकार येतो १८ कोटी ४३ लाख बिट. खेड्यातल्या जोडणीतून सेकंदाला पाच-दहा लाख बिट धड गेले तरी पुष्कळ. म्हणून चित्र आधी आवळून बारीक करावे लागते. त्याची युक्ती १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. बंगलोरला जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी दाखवले, की प्रत्येक ठिपक्याची उजळता लिहिण्याऐवजी चित्राच्या छोट्या चौकोनात उजेड किती सावकाश बदलतो आणि किती झपाट्याने, एवढे नोंदवावे. झपाट्याचे बारीक बदल डोळ्याला फारसे कळत नाहीत, ते गाळले तरी चालते. अहमद यांनी या कामासाठी अनुदान मागितले, तेव्हा एका परीक्षकाला ती कल्पना फारच साधी वाटली, असे त्यांनी पुढे लिहिले आहे!

याच कल्पनेवर पुढे चित्र आवळण्याच्या वेगवेगळ्या रीती निघाल्या. त्यांना कोडेक म्हणतात. काहींवर पेटंटचे हक्क, काही मोफत. एका फोनला एक रीत येते, दुसऱ्याला दुसरीच. मग मध्ये एक संगणक बसवून भाषांतर करून घ्यावे लागते. पण भाषांतर करणाऱ्याला मजकूर वाचावाच लागतो. चित्राला कितीही कुलपे घातलेली असोत, मधल्या दुभाष्याकडे ती उघडतातच. निरनिराळे फोन आणि गुप्तता हे वरवर दोन प्रश्न वाटतात, पण त्यांची गाठ इथे पडते.

हा दुभाषी हटवायचा तर सर्व यंत्रांना निदान एखादी सामाईक भाषा यायला हवी. ब्राउझरमधूनच व्हिडिओवर बोलता यावे यासाठी गूगलने २०११ मध्ये ‘वेबआरटीसी’ हे तंत्र खुले केले, पण कोणता कोडेक सक्तीचा करायचा यावर कंपन्या वर्षानुवर्षे भांडल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये तोडगा निघाला: ‘व्हीपी८’ आणि ‘एच.२६४’, ब्राउझरला दोन्ही यायलाच हवेत. अ‍ॅपलच्या फोनवर ही सोय २०१७ मध्ये आली आणि संपूर्ण मानक जानेवारी २०२१ मध्ये कायम झाले. कुलूप लावल्याशिवाय चित्र पाठवताच येऊ नये, हेही त्यात पक्के केलेले आहे.

पण कुलपाची किल्ली? खामगावच्या व्यापाऱ्याचे पुस्तक आधी बोटीने जाऊ शकत होते. डॉक्टर आणि पेशंट तर कधी भेटलेलेच नाहीत. उघड्या तारेवर बोलून दोघांनी गुपित कसे ठरवावे, याचे उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये छापले. (ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या माल्कम विल्यमसन यांना ते दोन वर्षे आधीच सुचले होते, पण ते १९९७ पर्यंत दडवून ठेवले गेले.)

वर्गात करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. फळ्यावर ११ आणि २ हे आकडे लिहा. एका मुलीने मनात ३ धरावे. २ चा तिसरा घात ८, त्याला ११ ने भागून बाकी ८. ती मोठ्याने सांगावी. दुसऱ्या मुलाने मनात ४ धरावे. २ चा चौथा घात १६, बाकी ५, तीही मोठ्याने. आता मुलीने ऐकलेल्या ५ चा तिसरा घात करावा: १२५, बाकी ४. मुलाने ८ चा चौथा घात करावा: ४०९६, बाकी पुन्हा ४! सगळ्या वर्गाने ८ आणि ५ ऐकले. ४ कुणी उच्चारलाच नाही. एवढ्या लहान आकड्यांत एखादा हुशार विद्यार्थी उत्तर शोधून काढील, आणि काढू द्यावे. प्रत्यक्षात ११ च्या जागी शेकडो अंकी मूळ संख्या घेतली, की शोधणे आवाक्याबाहेर जाते. एक उणीव मात्र राहते. पलीकडे खरोखर डॉक्टरच आहे, हे या गणिताने कळत नाही. त्यासाठी सेवा चालवणाऱ्या संगणकावर विश्वास ठेवावा लागतो.

यंत्रांमधला दुभाषी असा बराचसा दूर झाला. मेळघाटात आणखी एक आहे. इथल्या पुष्कळ लोकांची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली; मराठीशी किंवा शेजारच्या गोंडीशीही तिचे नाते नाही. क्षयाची शंका असलेली, किंवा पाळीची तक्रार घेऊन आलेली कोरकू बाई पडद्यावरच्या मराठी डॉक्टरशी बोलते ती गावातल्याच कुणाच्या तरी तोंडून. बहुधा आशाताई, कधी सासू, कधी नवरा. फोनपासून फोनपर्यंत कुलूप शाबूत असते, आणि खोलीत सगळे उघड्यावर. आशाताई फोन पेशंटच्या हाती देऊन अंगणात जाऊन उभी राहू शकत नाही. ती गेली, की बोलणेच थांबते.